पाच बाळंतपणं, चार राज्यं : कॅरोलाइन इंगल्सचा संसार

माळावरची

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन वॉलनट ग्रोव्हला जाऊन आले. आम्ही मिनिआपोलिसला राहतो. तिथून मँकेटोमार्गे हायवे १४ धरला की तीनेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, अधूनमधून धान्य साठवायचे उंच मनोरे, बाकी नुसतं आभाळ. गावाच्या थोडं उत्तरेला प्लम क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठात एक खळगा आहे, गवताने भरलेला, आणि शेजारी पाटी. १८७४ साली इंगल्स कुटुंब इथे ओढ्याचा काठ कोरून केलेल्या घरात राहत होतं. वर छप्पर म्हणून गवताच्या मुळांसकट काढलेल्या मातीच्या ढेपा. ते छप्पर कधीच खाली बसलं. आता पाहायला आहे तो खळगाच.

माझ्या सासूबाई माणदेशातल्या. दुष्काळात गुरं घेऊन चारा छावणीवर राहिलेल्या. त्यांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. खळग्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या, "चूल कुठं मांडली असंल हिनं?" मग म्हणाल्या, "पाणी जवळ हाय, बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "हितं बाळातपण झालं का हिचं?"

दहा वर्षं मी या कुटुंबाबद्दल वाचतेय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. घरी आल्यावर कागद घेऊन बसले आणि कॅरोलाइनचं आयुष्य बाळंतपणांच्या हिशेबाने पुन्हा मांडलं. तेच इथे लिहितेय.

तिची दुसरी मुलगी लॉरा पुढे लेखिका झाली आणि तिच्या पुस्तकांमुळे हे घर जगाला माहीत झालं. त्यात बाप मोठा दिसतो. तो व्हायोलिन वाजवतो, शिकार करतो, पश्चिमेकडे पाहत उसासे टाकतो. आई मागे इस्त्री करत असते. म्हणून हा धागा आईबद्दल.

कॅरोलाइन क्वाइनर १२ डिसेंबर १८३९ ला विस्कॉन्सिनमध्ये ब्रुकफील्डजवळ जन्मली. पाच वर्षांची असताना वडील गेले, १८४५ मध्ये मिशिगन सरोवरात जहाज बुडून. आई शार्लट लहान लेकरांसह मागे राहिली, चार वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. कॅरोलाइन शिकली आणि सोळा-सतरा वर्षांची असतानाच शाळेत शिकवायला लागली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. १ फेब्रुवारी १८६० ला तिचं चार्ल्स इंगल्सशी लग्न झालं.

१८६३ च्या सुमाराला दोघं पेपिनजवळच्या दाट जंगलात राहायला गेली. पहिली मुलगी मेरी, १० जानेवारी १८६५. दुसरी लॉरा, ७ फेब्रुवारी १८६७. दोन्ही बाळंतपणं विस्कॉन्सिनच्या ऐन थंडीत, पण निदान जवळपास नातलग होते. दीर-नणंदा, भाऊ-बहिणी सगळे हाकेच्या अंतरावर.

मग चार्ल्सने जमीन विकली आणि १८६८-६९ मध्ये आधी मिसुरी आणि तिथून पुढे कॅन्सस. ताडपत्री ताणलेल्या घोडागाडीत दोन लहान मुली, अंथरूण-पांघरूण, भांडी. इंडिपेन्डन्स गावापासून सुमारे १३ मैलांवर त्यांनी लाकडी घर बांधलं. तिथे ३ ऑगस्ट १८७० ला कॅरी झाली. या वेळी आई नाही, बहीण नाही. त्या हंगामात घरातले सगळे हिवतापाने आडवे झाले होते.

ती जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची होती. त्यावर खाली चर्चा होईलच, म्हणून इथे फक्त नोंदवते.

१८७१ मध्ये परत पेपिन. कारण साधं होतं : ज्याने त्यांची विस्कॉन्सिनची जमीन घेतली होती त्याला पैसे फेडता आले नाहीत. १८७४ मध्ये पुन्हा गाडी जुंपली, मिनेसोटा, वॉलनट ग्रोव्ह, आणि हा खळगा. खळग्यात त्यांनी फार काळ काढला नाही. पुढच्या पिकाच्या भरवशावर लाकूड उधारीवर आणून चार्ल्सने फळ्यांचं घर उभं केलं. ते पीक टोळांनी खाल्लं. त्याच टोळांच्या काळात १ नोव्हेंबर १८७५ ला मुलगा झाला, चार्ल्स फ्रेडरिक, घरचं नाव फ्रेडी. सासूबाईंना मी हे सांगितलं : खळग्यात नाही, पण याच शिवारात.

फ्रेडी नऊ महिन्यांचा होऊन गेला. टोळांमुळे हे लोक पूर्वेला निघाले होते, वाटेत मिनेसोटातल्याच साउथ ट्रॉयला नातेवाइकांकडे थांबले असताना २७ ऑगस्ट १८७६ ला तो गेला. लॉराने पुस्तकांत त्याला घेतलंच नाही.

तिथून आयोवातलं बर ओक. तिथे त्यांनी हॉटेलात काम केलं. मूल गेलेली बाई परक्यांचा स्वयंपाक, परक्यांच्या चादरी करत होती. हॉटेलला लागून दारूचा गुत्ता होता. २३ मे १८७७ ला ग्रेस झाली. हे पाचवं आणि शेवटचं. तिथल्या डॉक्टरच्या बायकोने लॉराला दत्तक मागितलं होतं. कॅरोलाइनने सौम्य शब्दांत सांगितलं की हिच्यावाचून माझं चालायचं नाही. लॉराने ही आठवण पुढे लिहून ठेवली. त्याच वर्षी घरमालकाचं भाडं थकवून हे कुटुंब रात्रीतून गाव सोडून गेलं. हेसुद्धा पुस्तकांत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये दोन, कॅन्ससमध्ये एक, मिनेसोटात एक, आयोवात एक. बारा वर्षांत पाच बाळंतपणं, चार राज्यं. दर वेळी चूल मोडायची आणि नवी मांडायची. हे मोडणं-मांडणं करणाऱ्या बाईच्या नावावर या सगळ्या प्रवासात कुठे जमिनीचा तुकडा नव्हता.

पुढचं, म्हणजे मेरीची दृष्टी जाणं, डाकोटा, तो भयंकर हिवाळा, प्रतिसादांत लिहीन. इथल्या कुणी पेपिन किंवा डी स्मेट पाहिलं असेल तर जरूर लिहा.

काटोलचा संत्रा

माळावरची, टोळांचं वाचून अंगावर काटा आला. २०२० च्या मे महिन्यात आमच्याकडे काटोल भागात टोळ आले होते. लॉकडाऊनचे दिवस. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेकडून मळभ आल्यासारखं झालं. वडील म्हणाले पाऊस दिसतो. मग आवाज यायला लागला, वाळक्या पानांवर बारीक पाऊस पडावा तसा. आम्ही घरातल्या परात्या, डबे, पिंप, जे हाती लागलं ते बडवत बांधावर धावलो. काडीकचरा पेटवून धूर केला. रात्री ते झाडांवर बसले की फवारणी, हे दोन दिवस चाललं. आमची बाग थोडक्यात वाचली, पण शेजारच्या शेतातला भाजीपाला गेला. टोळ उडून गेल्यावर शेतात एक वास येतो. तो मी अजून विसरलो नाही.

आमच्याकडे एक-दोन दिवस होते ते. या बाईने किती दिवस काढले?

माळावरची

काटोलचा संत्रा, दिवस नाही, वर्षं. मिनेसोटात १८७३ ते १८७७, सलग पाच हंगाम. एकदा आले की ते अंडी घालून जात, आणि पुढच्या वसंतात जमिनीतूनच नवी फौज बाहेर पडे. म्हणजे आभाळाकडे पाहून उपयोग नाही, संकट पायाखाली.

१८७५ मध्ये नेब्रास्कातून एक थवा जाताना एका डॉक्टरने तारायंत्राने ठिकठिकाणची खबर घेऊन अंदाज काढला होता : लांबी १,८०० मैल, रुंदी ११० मैल. पिकं संपली की टोळ कपडे, घोड्यांचं चामडी सामान, अवजारांचे घामाने खारावलेले दांडे, काहीही कुरतडत. चार्ल्स पूर्वेकडे जिथे पीक उभं होतं तिथे पायी गेला, कापणीच्या मजुरीला. मागे कॅरोलाइन, तीन मुली आणि गुरं.

एक कागद मात्र माझ्या मनाला फार लागतो. नोव्हेंबर १८७५, फ्रेडी महिन्याचा. सरकारी मदतीसाठी चार्ल्सला आपण पूर्ण निष्कांचन आहोत असं लिहून सही द्यावी लागली. मिळालं काय, पिठाची दोन अर्धी पिंपं, किंमत सव्वापाच डॉलर. गव्हर्नर पिल्सबरीने तर २६ एप्रिल १८७७ हा दिवस राज्यभर प्रार्थनेसाठी जाहीर केला होता.

त्या जातीचा शेवटचा जिवंत टोळ १९०२ मध्ये कॅनडात सापडला, त्यानंतर ती जात नाहीशी झाली. रॉकी पर्वताच्या खोऱ्यांत जिथे ते अंडी घालत ती जमीन शेतकऱ्यांनी नांगरली आणि पाण्याखाली आणली, त्यामुळे हे झालं असं अभ्यासकांचं मत आहे. कुणी ठरवून मारलं नाही त्यांना.

बुडीत गाव

लेख आवडला. पण 'खाली चर्चा होईलच' म्हणून ओसेज लोकांना एका ओळीत बसवलंत ते मला पटलं नाही. म्हणून मीच सुरुवात करतो.

आमचं गाव धरणात गेलं. माझा जन्म पुनर्वसनाच्या वसाहतीतला. आजी शेवटपर्यंत जुन्या गावाचं नाव सांगायची, कुणी विचारलं की 'तुमचं गाव कोणतं', तर पाण्याखालचं. त्यामुळे एखाद्याने मोकळ्या माळावर जाऊन घर बांधलं असं वाचलं की मी आधी विचारतो, तो माळ मोकळा कुणी केला?

कॅन्ससमधली ती जमीन ओसेज राखीव क्षेत्राची होती. १८७० च्या जनगणनेत तिथल्या गणकाने स्वतः लिहून ठेवलंय की जमिनी ओसेज लोकांच्या आहेत आणि वस्ती करणाऱ्यांचा त्यांवर हक्क नाही. म्हणजे 'त्यांना माहीत नव्हतं' हे म्हणायची सोय नाही. ओसेज लोक हंगामात म्हशींच्या, म्हणजे बायसनच्या शिकारीला पश्चिमेला जात आणि परत येत. परत यावं तर आपल्या शिवारात दुसऱ्याची घरं, आपलं लाकूड तोडून बांधलेली. ओसेज बायकांचीही बाळंतपणं झाली असतील त्या वर्षी. त्यांची यादी कोण करणार?

सदाफुली

बुडीत गाव, तुमचं दुःख खरं आहे आणि ओसेज लोकांवर अन्याय झाला हेही खरं. पण कॅरोलाइनला त्यासाठी उभं करून जाब विचारावा का? तिने कुठे जायचं हे ठरवलं का? नवऱ्याने गाडी जुंपली, ती बसली. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांना तरी कुणी विचारलं होतं?

मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे मला तिचं शिकवणं महत्त्वाचं वाटतं. शाळेपासून मैलोनमैल लांब राहूनही तिच्या मुली लिहायला-वाचायला शिकल्या ते घरात. आणि लेखामध्ये एक गंमतीची गोष्ट राहिली ती सांगते. कॅरोलाइनच्या भावाने, हेन्रीने, चार्ल्सची बहीण पॉली केली आणि कॅरोलाइनच्या बहिणीने, एलायझाने, चार्ल्सचा भाऊ पीटर केला. दोन घरांत तीन लग्नं! आपल्या गावाकडे याला साटंलोटं म्हणतात. म्हणून पेपिनला इतके सख्खे भोवती होते. आणि ते सोडून कॅन्ससला जाणं म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही एकाच दिवशी सोडणं.

माळावरची

बुडीत गाव, तुम्ही बोललात ते बरोबर आहे. ती ओळ मी आखडती लिहिली, कारण बाळंतपणाच्या यादीत ती कुठे बसवावी हे मला कळेना. आता सविस्तर लिहिते.

पुस्तकांत असं येतं की सरकार वसाहतवाल्यांना हुसकून लावणार होतं म्हणून इंगल्स निघाले. प्रत्यक्षात झालं उलट. १५ जुलै १८७० ला काँग्रेसने कायदा केला, ओसेजनी कॅन्ससची जमीन सोडायची आणि वस्ती करणाऱ्यांनी ती एकरी सव्वा डॉलरने घ्यायची. ओसेज लोक दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले, आणि तिथली जमीन त्यांनी चेरोकी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांकडून याच विक्रीच्या पैशांतून विकत घेतली. कॅरी ३ ऑगस्टला जन्मली, म्हणजे कायदा झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत. त्या उन्हाळ्यात ज्या लोकांची घरं उठत होती त्यांच्याच जमिनीवर हिचा पाळणा हलत होता.

सदाफुलीताई, तिने ठरवलं नाही हे खरं. पण पुस्तकांतली आई ओसेज लोकांबद्दल जे बोलते ते ऐकायला कठीण आहे, आणि ते नवऱ्याने तिच्या तोंडी घातलेलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्काराचं लॉराचं नाव काढलं ते अशा मजकुरामुळेच. मला ते पटलं. त्याने कॅरोलाइनच्या कष्टांना काही कमी होत नाही आणि तिच्या कष्टांनी ते शब्दही पुसले जात नाहीत. दोन्ही त्याच बाईचं.

आणि वॉलनट ग्रोव्ह तरी काय? दक्षिण मिनेसोटाची ती जमीन डाकोटा या मूळनिवासी लोकांकडून १८५१ च्या करारांनी घेतलेली. कबूल केलेले पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी राहिले, १८६२ मध्ये युद्ध झालं. २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटोत ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. मी सासूबाईंना घेऊन गेले तो रस्ता मँकेटोतूनच जातो. आम्ही तिथे चहा प्यायलो. वरचा लेख लिहिताना मँकेटो हे माझ्यासाठी नुसतं वळण होतं, हे तुमच्या प्रतिसादानंतर लक्षात आलं.

बुडीत गाव

धन्यवाद. एवढंच हवं होतं. आता पुढचं लिहा, मी वाचतोय.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, दोन गोष्टी जोडतो.

कॅन्ससमध्ये सगळं घर आजारी पडलं तो हिवताप, मलेरिया. तिथल्या लोकांना डासांचा संबंध माहीत नव्हता. तो १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्याकडे सिकंदराबादला दाखवला. लोकांना वाटे रात्रीची दमट हवा किंवा ओढ्याकाठची कलिंगडं बाधली. औषध मात्र ठाऊक होतं, क्विनाईन, आपल्या आजोबांचं कोयनेल. इंगल्स कुटुंबाकडे आले ते डॉक्टर जॉर्ज टॅन, कृष्णवर्णीय. यादवी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. कॅरीच्या जन्माच्या वेळीही तेच होते. इंडिपेन्डन्सच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. ओसेजांच्या जमिनीवर गोरी बाई आणि तिचं बाळंतपण करणारा काळा डॉक्टर, हे दृश्य त्या देशाबद्दल खूप काही सांगतं.

दुसरं, मेरी. १८७९ मध्ये चौदा वर्षांची असताना तिची दृष्टी गेली. पुस्तकात कारण स्कार्लेट फीवर दिलंय. पण २०१३ मध्ये बालरोगाच्या एका नियतकालिकात डॉक्टरांनी जुने कागद तपासून लिहिलं की तो बहुधा मेंदू आणि त्याच्या आवरणांचा विषाणूजन्य दाह असावा. आज अशा रुग्णाला आम्ही अतिदक्षता विभागात ठेवू. तिच्या आईकडे ओलं फडकं आणि रात्रभर उशाशी बसणं एवढंच होतं.

माळावरची

डॉक्टर, टॅन यांच्याबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं.

मेरीचं पुढचं सांगते. १८७९ मध्येच चार्ल्सला रेल्वेच्या कामावर हिशेब ठेवायची नोकरी मिळाली आणि ते डाकोटा टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशात गेले, तिथेच डी स्मेट गाव वसलं. पहिला हिवाळा त्यांनी रेल्वेच्या मोजणीदारांच्या रिकाम्या घरात काढला. वसंतात जमिनी शोधायला माणसांचा लोंढा आला तेव्हा कॅरोलाइन त्यांना पैसे घेऊन जेवू घालत होती आणि जमिनीवर झोपायला जागा देत होती. ते पैसे मेरीच्या शिक्षणासाठी ठेवायचे होते.

नोव्हेंबर १८८१ मध्ये मेरी आयोवातल्या विंटनच्या अंधशाळेत गेली. फी टेरिटरीने भरली, पण कपडे, प्रवास, सुट्टीत घरी येणं घरच्यांचं. लॉरा पंधरा-सोळा वर्षांची असताना थंडगार शाळांत शिकवायला लागली त्याचा मोठा भाग याच खर्चासाठी. शिवण, विणकाम, वाद्य, गणित हे सगळं शिकून मेरी १८८९ मध्ये बाहेर पडली. नंतर घोड्यांना माश्या बसू नयेत म्हणून अंगावर टाकायच्या जाळ्या विणून ती विकत असे.

मी वर 'लक्षात ठेवा' म्हटलं होतं ते हे. शिक्षिका असलेली आई नसती तर आंधळ्या मुलीला सात-आठ वर्षं शाळेत ठेवायचं त्या माळावर कुणाला सुचलं असतं?

जात्यावरली

तो भयंकर हिवाळा लिहा ना. मी शाळेत असताना लॉराच्या पुस्तकाचा अनुवाद वाचला होता, त्यातलं गवताचे पीळ करून जाळणं आणि कॉफीच्या चक्कीवर गहू दळणं तेवढं डोक्यात राहिलंय. माझी आजी जात्यावर दळायची. ती म्हणायची एकटीने जातं ओढलं की खांदा भरतो, दोघी असल्या की ओवी होते. त्या एवढ्याशा चक्कीवर आठवडेच्या आठवडे दळायचं म्हणजे काय?

माळावरची

लिहिते. १८८० च्या ऑक्टोबरच्या मध्यालाच पहिलं हिमवादळ आलं. मग एकामागून एक, एप्रिलपर्यंत. रुळांवरचं बर्फ काढायचं, पुढच्या वादळात ते पुन्हा भरायचं. जानेवारी १८८१ मध्ये आगगाड्या बंद पडल्या त्या थेट मे महिन्यात पुन्हा आल्या. गाव नवं, माणसं आली तीच रेल्वेच्या भरवशावर. कोळसा संपला, रॉकेल संपलं, पीठ संपलं.

माळावर झाड नाही, म्हणून वाळलेल्या गवताचे घट्ट पीळ करून जाळायचे. एक पीळ काही मिनिटांत जळून जातो, म्हणजे दिवसभर कुणीतरी पीळच घालत बसायचं. हात कापतात, चिरतात. गहू होता थोडा, पण दळायला गिरणी नाही. भिंतीवर किंवा मांडीवर धरायची ती कॉफीची चक्की, एका वेळी मूठभर गहू. एक फिरवतोय तोवर दुसऱ्याचे हात पीळ घालतायत. त्या भरड्याचा आंबवलेला पाव, तोच सकाळी तोच संध्याकाळी.

पुस्तकात हे घर सहा माणसांचं आहे. खरं तर त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे आणखी एक तरुण जोडपं राहत होतं आणि त्यांचं बाळ त्याच घरात जन्मलं. तेव्हा बाळंतिणीजवळ कॅरोलाइन होती. लॉराने हे प्रौढांसाठीच्या आठवणींत लिहिलं, मुलांच्या पुस्तकांत गाळलं. माझ्या यादीतल्या पाच बाळंतपणांत हे सहावं मी मोजलेलं नाही, पण दळण आणि पीळ यांच्यामध्ये ते तिनेच पार पाडलं. तुमच्या आजीसारखी ओवी तिला नव्हती. चर्चची गाणी होती.

रेवाकाठ

एक माहितीचा प्रश्न. वर 'तिच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता' असं लिहिलंय. होमस्टेड कायद्यात बायकांना जमीन मिळायची असं मी वाचलं होतं. नक्की काय?

माळावरची

रेवाकाठ, दोन्ही खरं आहे. २० मे १८६२ च्या कायद्याने १६० एकर मिळत. नोंदणीची थोडी फी, पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, घर बांधायचं, मग मालकी. एकवीस वर्षं पूर्ण झालेली अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित, कुटुंबप्रमुख असलेली, या सगळ्यांना अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला नाही. म्हणजे कॅरोलाइन विधवा असती तर पात्र, संसार करत होती म्हणून अपात्र. चार्ल्सने डी स्मेटजवळ १८८० मध्ये अर्ज केला आणि १८८६ मध्ये जमीन त्याच्या नावावर झाली.

पण कॅरीने पुढे, अविवाहित असताना, साउथ डाकोटातच फिलिप गावाजवळ स्वतःच्या नावावर जमीन घेतली. डांबरी कागद लावलेल्या खोपटात एकटी राहिली. ओसेज जमिनीवर जन्मलेली तीच कॅरी. आणि बुडीत गाव, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते : तो प्रदेश १८८९ पर्यंत लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या मोठ्या राखीव क्षेत्राचा भाग होता.

बुडीत गाव

विचारणारच होतो.

सदाफुली

बाईला जमीन मिळाली याचा आनंद आणि ती कुणाची होती याची टोचणी, दोन्ही एकाच वाक्यात आलं. मी आधी जे लिहिलं त्यात थोडी घाई झाली.

माळावरची, डी स्मेटनंतर ते पुढे का गेले नाहीत? चार्ल्सला पश्चिमेची ओढ होती ना?

माळावरची

सदाफुलीताई, त्याला ओरेगॉनला जायचं होतं असं घरात सांगितलं जाई. या वेळी कॅरोलाइन नाही म्हणाली. मुलींची शाळा, मेरी, आता बस. त्यानंतर गाडी जुंपली गेली नाही. १८८७ मध्ये चार्ल्सने गावात थर्ड स्ट्रीटवर घर बांधलं. तो ८ जून १९०२ ला गेला. कॅरोलाइन आणि मेरी त्याच घरात राहिल्या. २० एप्रिल १९२४ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कॅरोलाइन तिथेच वारली. म्हणजे पहिल्या वीस वर्षांत दहा-बारा चुली आणि शेवटची सदतीस वर्षं एक. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग जिंकली की ती."

गावाबाहेरच्या त्यांच्या जमिनीवर चार्ल्सने कॉटनवुडची पाच झाडं लावली होती, बायकोचं एक आणि चार मुलींचं एकेक. त्यांतली काही अजून उभी आहेत. मी चार वर्षांपूर्वी पाहिली. वारा आला की त्यांची पानं पिंपळासारखी वाजतात.

काटोलचा संत्रा

पाच झाडं म्हणजे फ्रेडीचं नाही.

माळावरची

नाही. झाडं लावली तेव्हा तो जाऊन चार वर्षं झाली होती. डी स्मेटच्या दफनभूमीत चार्ल्स, कॅरोलाइन, मेरी, कॅरी, ग्रेस जवळजवळ आहेत. लॉराचं नाव न ठेवलेलं बाळही तिथेच आहे. फ्रेडीला साउथ ट्रॉयच्या परिसरात पुरलं आणि त्याची कबर नेमकी कुठे आहे हे आज कुणालाच सांगता येत नाही. लोकांनी शोधली, सापडली नाही.

साउथ ट्रॉय आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे. सासूबाई पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. कालच म्हणाल्या, "जायच्या आदी त्या गावाला नेऊन आण." मी म्हटलं, आई, तिथे बघायला काही नाही. म्हणाल्या, "माहीत हाय."

रविवारी जातोय.